भाताची सुरळी

शब्दाचा जन्म एका अर्थांत व्हावा आणि संसार मात्र दुसऱ्याच अर्थाशीं घडावा, असें भाषेंत पुष्कळदां होतें. 'तेल' हा शब्द घ्या. तिळापासून निघालें तें तैल. परंतु आज आपण शेंगदाण्याचें तेल म्हणतों, खोबऱ्याचें तेल म्हणतों, आणि त्यांत तिळाचा एक दाणाहि नसतो. हें उदाहरण आम्हीं तीस वर्षें वर्गांत मुलांना सांगितलें. शब्द कानीं पडतांच रूढ अर्थाच्या मागें धावूं नका, आधीं मूळ पाहा, असा उपदेशहि त्याबरोबर केला. पण तोच उपदेश स्वतःच्या ताटाला लावण्याची वेळ आली तेव्हां आम्ही साफ नापास झालों. ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे. तिच्या पोटांत एक सोपी पाककृतिहि आहे. तेव्हां गृहिणींनीं पान उलटण्याची घाई करूं नये.

आमचे ज्येष्ठ चिरंजीव आठ वर्षें जपानांत ओकायामा या शहरीं नोकरीस होते. पुणेकरांस हें नांव अगदींच परकें नाहीं. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हें त्याच शहरांतील कोराकुएन नामक जुन्या बागेच्या धर्तीवर उभारलेलें आहे. गेल्या वैशाखांत चिरंजीव सहकुटुंब कायमचे घरीं परतले. बरोबर सूनबाई आणि आमची नऊ वर्षांची नात. गेली तेव्हां ती पाळण्यांतून नुकतीच उतरली होती. तिचें मराठी आईबापांच्या तोंडून शिकलेलें. शुद्ध, पण पाहुण्याच्या घरीं कपबशी उचलावी तसें जपून उच्चारलेलें.

येऊन चार-पांच दिवस झाले असतील. सूनबाईंनीं स्वयंपाकघरांत एक पुडकें उघडलें. आंत कागदासारखे काळेभोर चौकोनी ताव होते, आणि समुद्रकांठचा वास माजघरापर्यंत आला. "हें काय आहे?" आम्हीं विचारलें. "सुशीसाठीं आणलें आहे, बाबा. हिला डब्यांत फार आवडते." 'सुशी' हा शब्द कानीं पडला मात्र, आमच्या डोळ्यांपुढें कच्चा मासा उभा राहिला. आम्ही म्हणालों, "सूनबाई, तिकडे जें चाललें तें चाललें. या घरांत तें नको." आम्हीं आवाज चढविला नव्हता, पण न चढविलेल्या आवाजालाच घरांत अधिक धार असते. सूनबाईंनीं एक अक्षर न बोलतां पुडकें बंद करून फडताळांत ठेवलें. नात दाराशीं उभी होती, हें आम्हांस मागाहून कळलें.

ज्येष्ठांत शाळा सुरू झाली. डबा रोज अर्धा परत येऊं लागला. नव्या शाळेंत मूल रुळावयास वेळ लागतो, असें आम्ही अनुभवाच्या अधिकारानें सांगत होतों. एके रात्रीं आमच्या कुटुंबानें आम्हांस जवळ बोलावून खरें कारण सांगितलें. वर्गांतल्या मुलींनीं हिला विचारलें, तूं जपानांत काय खात होतीस? ही म्हणाली, सुशी. त्यावर दोघीतिघींनीं नाक मुरडलें, "शी! कच्चा मासा!" आणि ही घरीं येऊन आजीला म्हणाली, "आजोबापण तसेंच म्हणाले होते."

जन्मभर मुलांना शिकविण्यांत घालविलेल्या माणसास हें वाक्य कसें लागलें असेल, तें वाचकांनींच ओळखावें. नऊ वर्षांच्या अजाण मुली आणि आम्ही एकाच बांकावर बसलों होतों.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं सूनबाईंना बोलावून सरळ विचारलें. त्या म्हणाल्या, "बाबा, तिकडे आठ वर्षें आमच्या घरांत मासा शिजला नाहीं कीं आला नाहीं. सुशी म्हणजे मासा नव्हे. सुशी म्हणजे तो आंबट भात."

"मग हें तूं त्याच वेळीं कां नाहीं सांगितलेंस?"

"तुम्ही विचारलें होतेंत, बाबा, पण उत्तराला थांबला नाहींत."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. मग आम्हीं या विषयावर जें वाचलें आणि सूनबाईंकडून जें समजून घेतलें, त्यांतील सार असें.

जपानी भाषेंत 'सुशी' हें एक जुनें विशेषण आहे. त्याचा अर्थ 'आंबट'. नांवांत मासा कोठेंच नाहीं. आतां या आंबटपणाचा आणि माशाचा संबंध कसा जडला, तेंहि पाहण्यासारखें आहे. भाताच्या शेतीबरोबर आग्नेय आशियाकडून अशी एक युक्ति जपानांत गेली असें मानतात, कीं खारविलेला मासा शिजल्या भातांत दाबून महिनेच्या महिने ठेवावा. भात आंबतो, आणि त्या आंबटपणानें मासा टिकतो. त्या काळीं भात हा केवळ मासा टिकविण्याचें साधन. काम झालें कीं तो टाकून देत. बिवा नांवाच्या मोठ्या सरोवराकांठीं ही जुनी रीति अद्यापहि जिवंत आहे. पुढें लोकांना वाटलें, इतका चांगला आंबलेला भात टाकावा कां? म्हणून तो थोड्या दिवसांतच खाऊं लागले. त्यानंतर आंबण्याची वाट पाहण्याऐवजीं भातांत सिरका घालून आंबटपणा तत्काळ आणूं लागले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एदो नगरींत, म्हणजे आजच्या तोक्योंत, भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवून विकण्याची चाल पडली. हानाया योहेई या विक्रेत्यास तिचें श्रेय देतात. सर्व जगांत गाजली ती ही दुकानी सुशी, आणि तिनेंच 'सुशी' शब्दाचा अर्थ गिळून टाकला. तैलाचें तिळाशीं नातें तुटावें, तसेंच हें झालें.

पण दुकानांतली सुशी निराळी आणि घरांतली निराळी. मुटक्यावर मासा बसविणें हें वर्षानुवर्षें शिकण्याचें कसब आहे. तें गृहिणी सहसा करीत नाहींत. घरीं होते ती सुरळी. तिला 'माकी' म्हणतात, म्हणजे गुंडाळलेली. सहलीच्या दिवशीं, शाळेच्या खेळांच्या दिवशीं, आया पहाटे उठून अशा सुरळ्या करून डब्यांत भरतात. आपल्याकडे प्रवासांत दशम्या आणि दहीभात, तसा हा प्रकार. या सुरळीचें वर्णन अठराव्या शतकांत छापलेल्या जपानी पाकग्रंथांतूनहि आहे. तेव्हां हें कांहीं कालपरवाचें फॅड नव्हे.

आंत काय घालतात? काकडीची एक लांब फोड घातली कीं झाली 'काप्पामाकी'. काप्पा हा तिकडच्या लोककथांतला पाण्यांत राहणारा खोडकर बाळभूत, आणि त्याला काकडी अतिशय प्रिय! दुसरा प्रकार ऐकून तर आमच्या कुटुंबानें कपाळावर हात मारला. त्यांत घालतात दुध्या भोपळा. होय, आपला दुध्या. निदान त्याच जातीचा गोल भाऊबंद. उन्हाळ्यांत पहाटे त्याच्या गराच्या लांबच लांब पट्ट्या काढून वाळवितात. त्यांस 'कानप्यो' म्हणतात. मग त्या मिठानें चोळून, उकडून, सोयाबीनच्या खारट रसांत व साखरेंत शिजवितात. तोचिगी नांवाच्या प्रांतांत हा धंदा इतका आहे कीं जपानांतला जवळजवळ सर्व वाळका दुध्या तेथून येतो. इ. स. १७१२ मध्यें ओमी प्रांतांतून बदलून आलेल्या एका जहागिरदारानें हें बीं तेथें आणविलें, असें सांगतात. तोक्योकडच्या जुन्या बोलींत नुसतें 'नोरीमाकी' म्हटलें तरी ती दुध्याचीच सुरळी समजावी. ज्या दुध्याला आमच्या घरांतलीं मुलें नाक मुरडतात, तो तिकडे मानानें सुरळीच्या गाभ्यांत बसला आहे. कोची प्रांताच्या डोंगरांतून तर बांबूचे कोंब, अळिंबी, आल्याच्या जातीच्या कळ्या अशा वस्तूंची सुशी करतात आणि भाताला सिरक्याऐवजीं युझू नांवाच्या लिंबाचा रस लावतात. हें सर्व ऐकल्यावर कच्च्या माशाचें भूत आमच्या मानेवरून उतरलें.

राहिला तो काळा ताव. त्याचें नांव नोरी. ही समुद्रांत वाढणारी एक शेवाळवर्गीय वनस्पति. थंडीच्या दिवसांत उथळ समुद्रांत जाळीं बांधून तिची शेती करतात. क्यूशू बेटाजवळचा आरिआके समुद्र त्यासाठीं प्रसिद्ध आहे. काढलेली नोरी बारीक करून, पाण्यांत कालवून, कागद करण्याच्या रीतीनें चौकटींत पसरून वाळवितात. एका तावाची लांबी सुमारें २१ सेंटिमीटर, रुंदी १९, आणि वजन अवघें ३ ग्रॅम.

या नोरीची एक कथा आम्हांस फार मोलाची वाटली. शेंकडों वर्षें शेती करूनहि जपानी कोळ्यांस एक गोष्ट ठाऊक नव्हती: उन्हाळ्यांत नोरी नाहींशी होते ती कोठें जाते, आणि शरदांत तिचें बीं कोठून येतें? त्यामुळें एखाद्या वर्षीं भरघोस पीक, तर एखाद्या वर्षीं कांहींच नाहीं. नोरीला जुगाऱ्याचें गवत म्हणत तें त्यामुळेंच. दुसऱ्या महायुद्धानंतर तर हें पीक फारच बसलें. कोडें सोडविलें तें इंग्लंडांतील मँचेस्टरच्या कॅथलीन ड्र्यू-बेकर या विदुषींनीं. विवाह झाल्यावर त्या काळच्या नियमाप्रमाणें त्यांची विद्यापीठांतली अध्यापकाची जागा गेली होती. तरी त्यांनीं संशोधन सोडलें नाहीं. वेल्सच्या किनाऱ्यावरील नोरीच्याच कुळांतल्या वनस्पतीवर त्या काम करीत होत्या. शिंपल्यांच्या अंगांत वाढणारे कांहीं गुलाबी तंतु शास्त्रज्ञांना माहीत होते. पण ती निराळीच वनस्पति आहे असें समजून तिला निराळें नांव दिलेलें होतें. १९४९ सालीं ड्र्यूबाईंनीं 'नेचर' या नियतकालिकांत दाखवून दिलें कीं ते तंतु म्हणजे याच वनस्पतीची दुसरी अवस्था. नांवें दोन, जीव एकच! हा धागा धरून क्यूशूमधील शास्त्रज्ञांनीं शिंपल्यांवर बीं वाढविण्याची रीति बसविली, आणि जुगाराची शेती झाली. ड्र्यूबाई १९५७ सालीं वारल्या. जपान त्यांनीं कधीं पाहिलें नाहीं. पण आरिआके समुद्राकांठीं उतो या गांवीं १९६३ सालीं त्यांचें स्मारक उभारलें, आणि दरवर्षीं १४ एप्रिलला तेथील लोक त्यांस 'समुद्रमाता' म्हणून वंदन करतात. नांवांवरून दोन मानलेल्या वस्तु एकच निघाव्या, आणि नांवावरून एक मानलेल्या दोन निघाव्या, हें शास्त्रांत घडतें तसें स्वयंपाकघरांतहि घडतें.

ही कथा आम्हीं जेवणाच्या वेळीं सर्वांस सांगितली. आमची थोरली बहीण आक्का आमच्याकडेच असते. तिचे नियम कडक आणि प्रश्न त्याहून कडक. ती म्हणाली, "तें शिंपल्यांत वाढतें म्हणतोस, मग काढतांना त्याला बारीक जीव चिकटत नसतील कशावरून?" सूनबाईंनीं पुडकें आणून पाठीमागचा मजकूर आम्हांस वाचून दाखविला. ही नोरी कोळंबी व खेकडे राहतात अशा समुद्रांतून काढलेली आहे, असें त्यावर स्पष्ट छापलेलें होतें. तें लपविणें सोपें होतें. सूनबाईंनीं लपविलें नाहीं. आक्का म्हणाली, "खरें सांगितलेंस, बरें केलेंस. मग माझ्यापुरतें तें नको. तुम्हीं खुशाल करा." मात्र सुरळी न खाण्याचें तिच्या मनांत नव्हतें! तोड सूनबाईंनींच काढली. कुमानो नांवाच्या डोंगराळ मुलखांत मोहरीच्या जातीच्या एका भाजीचीं खारविलेलीं पानें भाताच्या गोळ्यावर गुंडाळतात. त्याचें नांव 'मेहारी'. घांस एवढा मोठा कीं खातांना डोळे विस्फारावे लागतात, म्हणून हें नांव. पान चालतें म्हटल्यावर प्रश्न मिटला. आक्कासाठीं कोबीचीं कोंवळीं पानें उकळत्या पाण्यांतून काढून, जाड शीर तासून वापरावयाचें ठरलें.

आषाढांतल्या एका रविवारीं दुपारीं सर्व मंडळी स्वयंपाकघरांत जमलीं. आम्ही नातीला म्हणालों, "आम्हांला येत नाहीं. तूं शिकव." तिनें आईकडे पाहिलें, मग आमच्याकडे पाहिलें, आणि विचारलें, "आजोबा, हात धुतलेत का?" पाठ सुरू झाला.

साहित्य:- तांदूळ दोन वाट्या, वजनानें सुमारें ३०० ग्रॅम. नोरीचे चार ताव. तांदळाचा सिरका तीन मोठे चमचे. साखर दीड मोठा चमचा. मीठ एक लहान चमचा. दोन कोंवळ्या काकड्या, एक गाजर, थोडा दुध्या. सोयाबीनचा खारट रस, ज्यास बाजारांत सोया सॉस म्हणतात. आणि बांबूच्या काड्यांची वीतभर चटई. इतक्यांत आठ बारीक सुरळ्या होतात. चटई नसल्यास जाड सुती फडकें दुहेरी करून, ओलें करून पिळून घ्यावें.

तांदूळ कोणता, ही पहिली गोष्ट. येथें बासमती उपयोगाचा नाहीं. त्याचा दाणा दाण्याला शिवत नाहीं, आणि सुरळी कापतांच भात सांडतो. तांदळांतील पिठूळ द्रव्याचे दोन प्रकार असतात. त्यांतला अमायलोज नांवाचा प्रकार जितका कमी, तितका भात चिकट. जपानी आंखूड तांदूळ तसा असतो. तो महाग पडतो. आम्हीं मावळचा इंद्रायणी घेतला. आंबेमोहोराच्या संकरांतून निघालेला हा तांदूळ या कामास चांगला उतरला.

तांदूळ चारपांच पाण्यांनीं धुऊन अर्धा तास भिजवावा, मग निथळावा. एका वाटीस सव्वा वाटी पाणी. तांदूळ नवा असल्यास किंचित् कमी. घट्ट झांकण असलेल्या पातेल्यांत उकळी आणून, मंद आंचेवर दहा-बारा मिनिटें ठेवून आंच बंद करावी, आणि झांकण न काढतां पंधरा मिनिटें वाफ जिरूं द्यावी. दरम्यान सिरका, साखर व मीठ एकत्र किंचित् कोमट करून विरघळवावें, उकळूं नये. सिरका चालत नसेल त्यांनीं दोन चमचे लिंबाचा रस व एक चमचा पाणी घ्यावें. बाजारांतला कृत्रिम सिरका उग्र असतो. तो पाणी घालून सौम्य करावा.

आतां भात परातींत काढावयाचा. जपानांत यासाठीं लांकडी पसरट भांडें असतें, कारण लांकूड जास्तीचा ओलावा शोषून घेतें. आमच्या कुटुंबानें माळ्यावरून सासूबाईंची काठवट काढली. तिच्यावर पाणी शिंपडून, पुसून, गरम भात ओतला, आणि सिरका सर्वत्र शिंपडला. आम्ही उलथनें घेऊन कालवूं लागलों तों नात ओरडली, "आजोबा, चिरडूं नका! कापा!" उलथनें उभें धरून, भाताला चिरा देत, खालचा भात वर आणावयाचा, दाणा मोडतां कामा नये. आमचें काम काढून घेण्यांत आलें आणि हातीं पंखा देण्यांत आला. वारा घातल्यानें दाण्यावरची ओल उडते व भाताला चकाकी येते. अंगाइतका कोमट झाला कीं ओल्या फडक्यानें झांकावा. शीतकपाटांत ठेवूं नये. भात कडक होतो.

काकडीच्या बिया काढून, करंगळीच्या निम्म्या जाडीच्या लांब पट्ट्या कापाव्या, चिमूटभर मीठ लावून फडक्यानें कोरड्या कराव्या. गाजर तसेंच कापून वाफवावें. दुध्याच्या पट्ट्या थोडें पाणी, दोन चमचे सोया सॉस व एक चमचा साखर यांत रस आटेपर्यंत शिजवाव्या. शाकाहारी घरांनीं एक ध्यानांत ठेवावें: तयार मिळणाऱ्या कानप्योंत बहुधा वाळक्या माशाचा अर्क असतो आणि 'मिरिन' नांवाच्या गोड रसांत मद्याचा अंश असतो, तेव्हां घरीं केलेलें बरें. सॉसमध्यें मीठ भरपूर असतें, म्हणून वेगळें घालूं नये.

नोरी पावसाळ्यांत लगेच सादळते. पापड भाजतों तसा ताव आंचेवरून झरझर फिरवावा, जाळूं नये. काळपट जांभळा रंग जाऊन हिरवी झांक येते. नोरींत हिरवें व तांबडें अशीं दोन्ही रंगद्रव्यें असतात. उष्णतेनें तांबडें नासतें, हिरवें टिकतें.

आतां वळणें. ताव कात्रीनें अर्धा करावा. लांब बाजू आपल्याकडे, आणि चकचकीत अंग खालीं, चटईकडे. पाण्यांत थोडा सिरका घालून त्यांत बोटें बुडवावीं, म्हणजे भात चिकटत नाहीं. मोठ्या लाडवाएवढा भात घेऊन पातळ पसरावा. पलीकडच्या कडेला बोटभर जागा मोकळी ठेवावी. मध्यें काकडीची पट्टी आडवी ठेवावी. मग चटईची आपल्याकडची कड उचलून, सारण बोटांनीं सांवरीत, भाताची अलीकडची कड पलीकडच्या कडेला नेऊन टेकवावी. वरून सारखा दाब द्यावा, चटई थोडी ओढून घ्यावी, आणि मोकळी कड खालीं येईल अशी सुरळी ठेवावी. मिनिटभरानें ओल्या सुरीनें मधोमध कापून, प्रत्येक अर्ध्याचे तीन, असे सहा तुकडे करावे. दर कापाला सुरी पुसावी. दाबूं नये, ओढावी.

आमची पहिली सुरळी फुटली. भात अधिक भरला होता. नात गंभीरपणें म्हणाली, "पुष्कळ घातलें कीं असेंच होतें." आमच्या कुटुंबाची पहिलीच सुरळी मात्र अशी गोल आणि घट्ट उतरली कीं सूनबाईहि पाहत राहिल्या. चाळीस वर्षें अळूवड्यांचे उंडे वळलेले हात ते; दाब कोठें द्यावा आणि कोठें आवरावा हें त्यांना सांगावें लागलें नाहीं. नात म्हणाली, "आजी, तुला आधीपासून येत होतें!" आक्काच्या कोबीच्या पानांतल्या सुरळ्या फिकट हिरव्या आणि देखण्या झाल्या. तिनें एक तुकडा तोंडांत घातला, थोडा वेळ विचार केला, आणि निकाल दिला, "दहीभाताची धाकटी बहीण आहे. फोडणी विसरली आहे एवढेंच."

चार सूचना देऊन पाककृति आटोपतों. सोबत सॉस अगदीं थोडा असावा. तुकडा बुडवावयाचा नव्हे, टेकवावयाचा. वासाबी नांवाचा तिकडचा हिरवा झणझणीत लगदा मुलांना देऊं नये. आल्याचे पातळ काप लिंबू, मीठ व साखरेंत मुरवून दिले म्हणजे पुरे. भातांतला आंबटपणा त्यास कांहीं वेळ राखतो, तरी सकाळीं केलेली सुरळी दुपारच्या डब्यापर्यंतच खावी. शिळी ठेवूं नये. आणि आमचे मत्स्याहारी वाचक असतील त्यांनीं बाजारचा मासा कच्चा घालण्याचें धाडस घरीं करूं नये. घालावयाचा तर शिजवून घालावा. आश्विनांतल्या उन्हांत आमच्या कुटुंबानें गच्चीवर सांडग्यांशेजारीं दुध्याच्या पट्ट्याहि वाळविल्या. त्या भिजवून शिजविल्यावर ओल्या दुध्याहून चांगला चिवटपणा येतो, असा अनुभव आहे.

बाहेरून आलेली प्रत्येक वस्तु घरांत घ्यावी, असें आमचें म्हणणें नाहीं. आक्कानें नोरी घेतली नाहीं, आणि तिचें कांहीं चुकलें असें आम्हांस वाटत नाहीं. पण तिनें प्रश्न विचारला, उत्तर पुरतें ऐकलें, आणि मग आपल्यापुरता निर्णय केला. आम्हीं प्रश्न विचारला आणि उत्तरापूर्वींच सर्व घरासाठीं निर्णय देऊन टाकला. दोघांचाहि नकारच, पण एकानें कोणाचें मन दुखलें नाहीं, आणि दुसऱ्यानें एका मुलीचा डबा महिनाभर अर्धा परत आला. मुलाची शिदोरी ही केवळ अन्न नसते. तींत त्याची आई असते, त्याचें मागचें गांव असतें. तिला नाक मुरडलें तर तें मूल आपल्याला नाक मुरडलें असेंच समजतें, आणि त्याचें समजणें चूक नसतें.

सोमवारीं नातीनें डब्यांत सुरळ्या नेल्या. संध्याकाळीं डबा रिकामा आला. आम्हीं चौकशी केली. दोन मैत्रिणींनीं मागून घेतल्या, आणि उद्यां त्या थालीपीठ आणणार आहेत, असें कळलें. "आणि ती तिसरी, नाक मुरडणारी?" आम्हीं विचारलें.

"तिनें एक तुकडा खाल्ला. तिला नाहीं आवडला."

आम्हांस वाईट वाटलेलें तिला दिसलें असावें. ती आमची समजूत घालीत म्हणाली, "चालेल, आजोबा. तिनें खाऊन पाहिला ना."